वाचक विचारतात : सोनेरी मुलाम्याचे फ्रेंच घड्याळ आणि कोकणची खारी हवा

जुन्या फ्रेंच घड्याळांविषयी कोकणातून आलेली चार पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातील निगेसंबंधीचा भाग इतर तिघांनाही तितकाच उपयोगी आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या आजेसासऱ्यांची मुंबईत पेढी होती. तिथल्या एका बंगल्यातील सामानाच्या लिलावात घेतलेले घड्याळ त्यांनी बोटीने वेंगुर्ल्यास आणले, असे घरात सांगतात. पांढऱ्या संगमरवराच्या लंबगोल बैठकीवर दोन पायांची सोनेरी चौकट उभी आहे. तबकडी म्हणजे नुसते पांढरे कडे असून त्यावर रोमन आकडे आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेतून आतली सगळी चाके दिसतात. त्यांतले एक चाक जवळजवळ तबकडीएवढे आहे व त्याचे दाते अतिशय बारीक आहेत. वर काचेची हंडी आहे. आकड्यांच्या खाली काळ्या अक्षरांत एक नाव आणि पुढे ‘आ पारी’ असे लिहिलेले आहे. घड्याळ कित्येक वर्षे बंद आहे, सोनेरी भाग काळवंडला आहे आणि काही ठिकाणी हिरवे ठिपके आले आहेत. गणपतीपूर्वी समया आणि तांब्या-पितळेची भांडी घासायला काढतो तेव्हा हेही चिंच लावून घासून घ्यावे, असे आमच्या जाऊबाई म्हणतात. मुलगा पॉलिशची बाटली आणू म्हणतो. हे घड्याळ नक्की काय आहे, किती जुने असेल, ते स्वच्छ कसे करावे आणि पुन्हा चालेल का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : बाकीचे उत्तर वाचण्याआधी एक कळकळीची विनंती आहे. या घड्याळाला चिंच, आमसूल, लिंबू, राखुंडी, भांडी घासण्याची पावडर किंवा पितळेचे पॉलिश यांपैकी काहीही लावू नये. समईला जे मानवते ते या घड्याळाला मानवत नाही, याचे कारण पुढे दिले आहे.

आपण केलेल्या वर्णनावरून हे पॅरिसच्या पद्धतीचे स्केलेटन घड्याळ आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या कारागिरांनी घड्याळाभोवतीची पेटी काढून टाकून, तबकडीचा मधला भाग कापून आणि यंत्र धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांतील अनावश्यक धातू कमी करून, चाकांची सारी हालचाल समोरून दिसेल अशी रचना केली. त्या काळी फ्रान्समधील सुशिक्षित, सधन वर्गाला यंत्रविद्येचे मोठे कुतूहल होते, आणि ज्याच्या दिवाणखान्यात असे घड्याळ असे त्याला आपले घड्याळ आतूनही तितकेच सुबक आहे हे पाहुण्यांना दाखवता येई. ल्पोत घराण्यातील घड्याळजी, राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांचे घड्याळजी रोबेर रोबँ, आणि आकाशातील ग्रहगती दाखवणाऱ्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेले आंतिद जांव्हिए ही त्या काळातील पॅरिसच्या घड्याळविद्येतील मोठी नावे होत. तबकडीचे पांढरे कडे तांब्याच्या पातळ पत्र्यावर मिन्याचे, म्हणजे काचेसारख्या लेपाचे, थर भट्टीत भाजून तयार होई, आणि हे काम करणाऱ्यांत जोझेफ कोतो यांचे नाव आजही जाणकार आदराने घेतात.

आपल्या घड्याळातील ते मोठे, बारीक दात्यांचे चाक मला फार महत्त्वाचे वाटते. स्प्रिंगची ताकद सर्वांत आधी ज्या चाकाकडे जाते ते चाक जितके मोठे आणि त्याचे दाते जितके जास्त, तितकी पुढची मधली चाके कमी लागतात; चाके कमी झाली की घर्षण कमी होते आणि ताकद वाया जात नाही. परंतु एवढ्या मोठ्या चाकावर शेकडो दाते अगदी समान अंतरावर कापणे हे त्या काळच्या साधनांनी अतिशय अवघड होते, म्हणून असे चाक हा कारागिराच्या हातोटीचा सर्वांना दिसेल असा पुरावा ठरे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत आणि एकोणिसाव्याच्या आरंभी, म्हणजे राज्यक्रांतीपासून नेपोलियनच्या काळापर्यंत, पॅरिसमध्ये अशी घड्याळे बनत होती. आपले घड्याळ त्याच काळातील आहे की पुढे त्या धर्तीवर बनवलेले आहे, हे केवळ वर्णनावरून ठरवणे योग्य होणार नाही. मात्र ते ठरवण्याच्या काही खुणा आपल्याला घरीच पाहता येतील.

पहिली खूण तबकडीवरील लेखनाची. क्रांतिकाळात फ्रान्सने कालगणनाच बदलली होती. १७९३ मध्ये प्रजासत्ताकाची नवी दिनदर्शिका आली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधील हुकुमाने दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटे आणि मिनिटाचे शंभर सेकंद ठरले. ही दशमान वेळ लोकांच्या अंगवळणी पडली नाही, आणि एप्रिल १७९५ मध्ये तिची सक्ती थांबवण्यात आली. दिनदर्शिका मात्र १८०५ च्या अखेरपर्यंत टिकली. त्या थोड्या वर्षांत बनलेल्या काही स्केलेटन घड्याळांवर बारा तासांच्या जोडीला दहा तासांचे कडे असते किंवा ब्र्यूमेर, फ्रिमेर असे नवे महिने लिहिलेले असतात. आपल्या तबकडीवर असे काही दिसल्यास तिचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा आणि जाणकाराला दाखवेपर्यंत तबकडीला हातही लावू नये.

दुसरी खूण मुलाम्याची आहे, आणि आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तरही याच मुलाम्यात आहे. ब्राँझचे भाग ओतून, छिन्नीने त्यांवरचे नक्षीकाम उठवून घेतल्यावर कारागीर पाऱ्यात सोने विरघळवून केलेला लोण्यासारखा लगदा त्यांवर कुंचल्याने लावत आणि तो भाग निखाऱ्यांवर तापवत. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो. त्याची वाफ उडून जाई आणि सोने ब्राँझला घट्ट धरून राही. नंतर काही जागा मुद्दाम मंद ठेवून उरलेल्या जागा अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घासून उजळवत, त्यामुळे एकाच पानावर किंवा फुलावर सोन्याचे दोन पोत दिसतात. या कामापायी मुलामा देणाऱ्या कारागिरांची प्रकृती लवकर ढासळे, कारण पाऱ्याची वाफ रोज फुप्फुसांत जात असे. पॅरिसचे ब्राँझकार आंत्वान-आंद्रे राव्हरिओ १८१४ मध्ये वारले, तेव्हा या कामगारांना विषबाधेपासून वाचवणारी युक्ती शोधणाऱ्यासाठी त्यांनी मृत्युपत्रात बक्षिसाची रक्कम ठेवली होती. रसायनशास्त्रज्ञ दार्से यांनी वाफ ओढून नेणारी धुराड्याची भट्टी तयार केली आणि १८१८ मध्ये ते बक्षीस त्यांना मिळाले. आपल्या माजघरातील त्या सोनेरी चौकटीमागे कोणाचे तरी आयुष्य झिजलेले आहे, हे मला अशा प्रत्येक घड्याळापाशी आठवते, आणि म्हणूनच तो मुलामा एका दुपारच्या घासण्यात उतरून गेलेला पाहणे सहन होत नाही.

१८४० नंतर विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची रीत आली. तो मुलामा पातळ, सर्वत्र एकसारखा आणि बहुधा मागच्या बाजूलाही तितकाच असतो. पाऱ्याच्या मुलाम्याचे भाग मागून पाहिले तर पुष्कळदा तिथे सोने नसते, किंवा कडेला कुंचल्याचे ओघळ दिसतात. सुटे करता येणारे भाग घड्याळजीने सोडवल्यावर ही पाहणी सहज करता येईल. त्यासाठी काही खरवडू नये.

दोन्ही मुलामे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजावे लागतात इतके पातळ असतात. समई भरीव पितळेची असते, तिचा वरचा थर चिंचेने विरघळून गेला तरी खाली पितळच निघते. इथे वरचा थर गेला की सोने संपते आणि खालचे ब्राँझ उघडे पडते, जे खाऱ्या हवेत महिन्याभरात काळे पडू लागते. शिवाय चिंचेतील टार्टारिक आम्ल, लिंबातील सायट्रिक आम्ल किंवा कोकमातील आम्ल खाली ओघळले की संगमरवराची वाट लागते. संगमरवर म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागताच त्याची झिलई जाते आणि तिथे पांढुरके, खरखरीत डाग उरतात. ते डाग धुऊन निघत नाहीत, दगड पुन्हा घासून घ्यावा लागतो आणि त्यात कडेवरचे कोरीव काम बोथट होते.

मग करावे काय? हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, शक्यतो सुती हातमोजे घालावेत, कारण घामातील क्षार मुलाम्यावर बोटांचे ठसे सोडतात. काचेची हंडी दोघांनी मिळून सरळ वर उचलावी. ती वाकडी झाली तर लंबकाला किंवा काट्यांना लागते. नंतर मऊ केसांच्या कोऱ्या कुंचल्याने वरून खाली केवळ धूळ झाडावी. कापड फिरवू नये, ते दात्यांत आणि नक्षीच्या टोकांत अडकते. संगमरवरावर शुद्ध पाण्याने किंचित ओलसर केलेले पांढरे मऊ कापड फिरवून लगेच कोरड्याने टिपून घ्यावे. ओलावा ब्राँझच्या पायांपर्यंत जाऊ देऊ नये. घरच्या माणसांनी एवढेच करावे, यापलीकडे जाऊ नये.

हिरवे ठिपके मात्र अधिक गंभीर आहेत. समुद्राच्या हवेतील क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या ब्राँझपर्यंत पोचते, आणि हवेत ओल असेपर्यंत ते धातूला आतून खात राहते. ठिपका फिकट हिरवा, भुकटीसारखा आणि पुसल्यावर पुन्हा येणारा असेल तर तो भाग संवर्धकालाच दाखवावा लागेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे. तिथे फोटो पाठवून सल्ला विचारावा, असे मी सुचवेन. तोपर्यंत हंडीखाली बैठकीच्या मागच्या कडेला लहान वाटीत सिलिका जेलचे, म्हणजे ओल शोषणारे, खडे ठेवावेत, ते धातूला टेकू देऊ नयेत, आणि त्यांचा रंग बदलला की बाहेर काढून मंद आचेवर सुकवून पुन्हा ठेवावेत. मृगापासून दिवाळीपर्यंत हा नेम पाळला तर निम्मे काम होते. डांबराच्या गोळ्या मात्र हंडीखाली कधीही ठेवू नयेत.

जागेविषयीही सांगितले पाहिजे. पश्चिमेची खिडकी, पागोळ्यांची ओल येणारी भिंत आणि देवघराजवळची जागा टाळावी, कारण धूप, कापूर आणि निरांजन यांची काजळी सोन्यावर बसते आणि ती काढताना सोने जाते. दसऱ्याला घरातील यंत्रांची पूजा करताना घड्याळालाही हळदकुंकू वाहण्याची आपल्याकडे चाल आहे. ती मोडावी असे मी म्हणणार नाही, पण हळदकुंकू समोर तबकात वाहावे. संगमरवरात शिरलेली हळद निघत नाही. बैठकीखाली लाकडी पाट असल्यास वर्षातून एकदा तो उलटा करून वाळवी पाहावी. हंडीला तडा गेला असेल तर ती तातडीने बदलावी. कोकणात कुंभारमाशीला चावीचे भोक घरटे करायला पुरेसे होते, आणि तिची माती चाकांत सांडली की दात्यांना सांडलेल्या वाळूइतकीच घातक ठरते.

आता ते चालेल का, याविषयी. बहुधा चालेल, पण आज चावी देऊन पाहू नये. जुने तेल सुकून चिकट झालेले असते, आणि अशा स्थितीत स्प्रिंग आवळली आणि ती तुटली, तर तिचा झटका थेट त्या मोठ्या चाकाच्या बारीक दात्यांना बसतो. एक दाता पडला तरी तो हाताने बसवावा लागतो. रॉकेलमध्ये बुडवणे, शिलाई यंत्राचे तेल किंवा खोबरेल सोडणे हे उपाय घराघरांत केले जातात आणि त्यांनीच अधिक घड्याळे बिघडतात. तेल घड्याळाचेच हवे आणि ते आसांच्या टोकांना, टाचणीच्या अग्राएवढे लावायचे असते. चाकांच्या दात्यांना तेल लावायचे नसते, कारण त्यावर धूळ चिकटून दाते झिजतात.

घड्याळजी निवडताना त्याला आधी विचारावे की तो यंत्र पूर्ण सोडवून साफ करणार आहे का, झिजलेली भोके भरून घेण्याची साधने त्याच्याकडे आहेत का, आणि बदललेले जुने भाग तो परत देणार आहे का. रत्नागिरी, कोल्हापूर किंवा मुंबईतील जुन्या बाजारपेठांत पिढीजात घड्याळजी अजून आहेत आणि त्यांपैकी चांगला माणूस हे तिन्ही प्रश्न ऐकून उलट खूश होतो. त्याला लेखी सांगावे : यंत्र साफ करा, सोनेरी भागांना बफ (चकाकी आणण्यासाठी घासणारे फिरते चाक) लावू नका, काहीही पुन्हा मुलामा देऊ नका, आणि सोनेरी भागांना डाग देण्यासाठी, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडण्यासाठी, आच लावू नका. शेवटची सूचना सोन्यासाठी जितकी आहे तितकीच त्याच्या आरोग्यासाठी आहे, कारण जुन्या मुलाम्यात थोडा पारा उरलेला असू शकतो. थंड स्थितीत त्यापासून घरच्यांना भीती नाही.

तबकडीवरील नावाबद्दल एक खुलासा. ‘आ पारी’ म्हणजे ‘पॅरिस येथे’. पॅरिसमध्ये घड्याळजी, ओतकाम करणारे, मुलामा देणारे आणि मिनाकार हे वेगवेगळे व्यावसायिक होते, आणि १७९१ पर्यंत त्यांचे वेगवेगळे संघही होते. त्यामुळे तबकडीवरचे नाव यंत्र करणाऱ्याचे किंवा ते विकणाऱ्या दुकानदाराचे असते. चौकट घडवणारा बहुतेक वेळा अनामच राहतो. नाव मिन्यासह भाजलेले असेल तर तिरक्या उजेडात ते पृष्ठभागाशी एकजीव दिसते. नंतर रंगाने लिहिलेले नाव किंचित उठून दिसते, आणि तसे असल्यास संशय घ्यावा.

प्रश्न : आमचे घड्याळ राजापूरच्या फ्रेंच वखारीतून पूर्वजांना मिळाले, असे आजोबा सांगत. काळ्या संगमरवरावर सोनेरी स्त्रीमूर्ती बसलेली आहे आणि मूर्तीशेजारी गोल घड्याळ आहे. मागचे झाकण उघडल्यावर यंत्रावर पदकाचा गोल शिक्का आणि १८५५ हा आकडा दिसतो. हे शक्य आहे का? (एक वाचक, राजापूर तालुका)

उत्तर : राजापुरास फ्रेंचांची वखार होती ही गोष्ट खरी आहे, आणि आजोबांनी ती आठवण जपली याचा मला आनंद आहे. परंतु ती वखार सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, शिवकालातील आहे. लंबकाचे घड्याळच मुळी हॉलंडच्या हायगेन्स यांनी १६५६ मध्ये तयार केले. आपल्या वर्णनातील घड्याळ त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी बनलेले आहे. पॅरिसमध्ये १८५५ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात पदक मिळवलेल्या यंत्रनिर्मात्यांनी तो शिक्का पुढे अनेक वर्षे आपल्या यंत्रांवर उमटवला, त्यामुळे घड्याळ १८५५ चे किंवा त्यानंतरचे समजावे.

मूर्ती ब्राँझचीच आहे का, हेही पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्वस्त घड्याळांत जस्ताच्या मिश्रधातूच्या मूर्ती ओतून त्यांना सोनेरी रूप देत. अशी मूर्ती आतून पाहिल्यास राखाडी दिसते, बोटाने वाजवली तर तिचा आवाज बोद येतो आणि पडली तर ती वाकण्याऐवजी तुटते. तशी असली तरी तिला टाकाऊ समजू नये. फक्त तिच्यावरचा मुलामा आणखी नाजूक असतो, म्हणून वरील उत्तरातील सूचना तिथे अधिक कडकपणे पाळाव्यात.

प्रश्न : आमच्याकडे हंडीखालचे फ्रेंच स्केलेटन घड्याळ आहे. लंबक सुमारे एक वीत लांब असून तो रेशमी दोऱ्याला टांगलेला आहे. गेल्या वर्षी दुरुस्ती करून घेतल्यापासून ते दिवसाला साधारण दोन मिनिटे मागे पडते, पावसाळ्यात अधूनमधून थांबते, आणि चार वाजता सहा ठोके देते. घड्याळजी म्हणतात, जुन्या मालाचे असेच असते. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : जुन्या मालाचे असे असायलाच हवे असे नाही. तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

मागे पडण्याचे कारण सांगायला मला विशेष आवडेल, कारण त्यात आपल्या भूगोलाचा भाग आहे. १६७२ मध्ये जाँ रिशे नावाचे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतील, विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे वेधांसाठी गेले, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे त्यांचे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले आणि त्यांना लंबक आखूड करावा लागला. पृथ्वी विषुववृत्ताजवळ फुगीर आहे आणि तिच्या फिरण्याचा परिणामही तिथे अधिक आहे, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी पडते आणि लंबक सावकाश झुलतो. पुढे पृथ्वीच्या या आकाराविषयी मांडणी करताना न्यूटन यांनी याच निरीक्षणाचा आधार घेतला. हाच हिशेब कोकणपट्टीला लावला, तर पॅरिसला जुळवलेले घड्याळ इथे दिवसाला सुमारे पावणेदोन मिनिटे मागे पडते. आपल्या घड्याळाचा पूर्वीचा दोरा पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मानाने जुळवलेला असणार. दुरुस्तीत नवा रेशमी दोरा घालताना त्याची लांबी बदलली असावी. उपाय सोपा आहे. वीतभर लंबकाला जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर वर घेतले की दोन मिनिटे भरून निघतात. दोरा गुंडाळणारी खुंटी किंवा लंबकाखालची चक्री अगदी थोडी फिरवावी, चोवीस तास थांबावे आणि मगच पुन्हा हात लावावा. उन्हाळ्यात पितळी दांडी लांबून दिवसाला दहा-बारा सेकंदांचा फरक पडला तर तो तसाच सोडून द्यावा.

पावसाळ्यात थांबण्याचा संबंध दोऱ्याशी आहे. रेशीम हवेतील ओल शोषते आणि त्याची लांबी व पीळ बदलतो, त्यामुळे लंबक तिरका झुलू लागतो. फ्रान्समध्येही १८४० च्या सुमारास ब्रोको यांची पोलादी पट्टीची टांगणी आल्यावर रेशीम मागे पडले. आपल्या घड्याळाला मूळची रेशमी टांगणी असल्यास ती बदलून पोलादी करू नये. हंडीखाली सिलिका जेल ठेवून पाहावे. त्याचबरोबर ठोका कान देऊन ऐकावा. दोन टिकटिकींमधले अंतर सारखे नसेल तर बैठक समपातळीत नाही असे समजावे आणि ज्या बाजूने अंतर सारखे होते त्या बाजूला पातळ पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा. माळ्यावरच्या लाकडी जमिनीवर घड्याळ असेल तर ते खालच्या पक्क्या जमिनीवर जड मेजावर आणावे, कारण माणूस चालला की फळ्या हलतात आणि लंबकाची गती मोडते.

ठोक्यांचे गणित असे आहे. या घड्याळांत ठोके मोजणारे एक खाचांचे चाक असते आणि त्याचा काट्यांशी थेट संबंध नसतो. अर्ध्या तासाचा एक-एक धरून बारा तासांत नव्वद ठोके होतात, आणि ते चाक त्याच क्रमाने पुढे जाते, काटे कुठेही असोत. दुरुस्तीनंतर कोणी ठोके पूर्ण होऊ न देता काटे भराभर फिरवले की क्रम चुकतो. मोठा काटा बारावर येऊन सहा ठोके पडले की छोटा तासकाटा, जो नुसता दाबून बसवलेला असतो, हलक्या हाताने सहावर आणावा. त्यानंतर मोठा काटा नेहमीच्या दिशेने पुढे नेत, प्रत्येक तासाला आणि अर्ध्या तासाला थांबून, ठोके पूर्ण ऐकून खरी वेळ लावावी. काटे उलटे फिरवू नयेत. तासकाटा सहज हलत नसेल तर जोर न लावता घड्याळजीकडे द्यावे.

प्रश्न : आमच्या वडिलांचे सोनेरी ब्राँझ आणि संगमरवराचे फ्रेंच घड्याळ परदेशी असलेल्या पुतण्याला द्यायचे आहे. सामानातून नेता येईल का, आणि त्याची किंमत किती समजावी? (एक वाचक, दापोली)

उत्तर : घड्याळ शंभर वर्षांपेक्षा जुने असेल तर सामानात घालून नेण्याचा विचार सोडून द्यावा. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार कला-कारागिरीची शंभर वर्षांवरील वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि तिची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. ती वस्तू परदेशात बनलेली आहे म्हणून ती आपोआप सुटते असे गृहीत धरू नये. घड्याळ अलीकडचे आहे असे वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे ते दाखवून, पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र मिळते का, ते आधी विचारावे. विमानतळावर अडकण्यापेक्षा हे चांगले.

किंमत मी सांगणार नाही, कारण घड्याळ हाताळल्याशिवाय सांगितलेली किंमत विकणाऱ्याचे तरी नुकसान करते किंवा घेणाऱ्याचे. ती कशावर ठरते तेवढे सांगतो : यंत्र आणि चौकट मूळची एकमेकांची आहेत का, मुलामा मूळचा आहे का, तबकडीला तडे आहेत का, लंबक आणि हंडी बदललेली आहे का, आणि नाव खरे आहे का. यांपैकी मूळचा मुलामा सर्वांत लवकर नष्ट होतो आणि तो गेल्याने सर्वांत जास्त किंमत उतरते. पुन्हा नवा मुलामा देऊन घड्याळ चकचकीत केले तर ती आणखी घटते.

पुतण्या येथे सुटीला येईल तेव्हा त्याला चावी देणे आणि लंबक जुळवणे शिकवावे, आणि घड्याळ दापोलीच्या घरीच ठेवावे, असा माझा सल्ला आहे. घरातच ते एका खोलीतून दुसरीत न्यायचे झाले तरी लंबक आधी काढून घ्यावा, हंडी वेगळी न्यावी आणि संगमरवराची बैठक खालून दोन्ही हातांनी धरावी. सोनेरी चौकटीला धरून घड्याळ कधीही उचलू नये, कारण ती बैठकीला केवळ काही स्क्रूंनी जोडलेली असते आणि जुना संगमरवर त्या भोकांपाशीच फुटतो.